लिफूच्या लाटेचे दोन आकडे

१

दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून रॉस टिंडल म्हणाला, “यातला एक आकडा बनावट आहे. आणि तो माझा नाही.”

ओदिलने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. डावीकडचा कागद सिदोनी ह्नावेनच्या प्रबंधातला होता. लिफू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, मोठ्या चक्रीवादळात, लाट किती चढेल? २,९ मीटर. उजवीकडचा रॉसने टाउन्सव्हिलहून आणला होता. तोच किनारा, तेच वादळ, गणित करणारं सॉफ्टवेअरही तेच. उत्तर मात्र ४.१ मीटर.

“बोटभर फरक असता तर समुद्र ओलांडून आलो नसतो,” रॉस म्हणाला. “मी परीक्षक आहे, ओदिल. संध्याकाळच्या विमानात बसण्याआधी मला विद्यापीठाला काहीतरी लिहून द्यायचंय. तोवर तू दुसरं काही शोधलं नाहीस, तर मी लिहिणार की मुलीने मनानेच आकडे पाडले.”

“म्हणजे पदवी गेली.”

“पदवी गेली, नोकरी गेली, नावही गेलं. मला काय हौस आहे?”

त्याला खरंच हौस नव्हती. ब्रिस्बेनला दोघं एकेकाळी एकाच खोलीत बसून काम करत, त्यामुळे ओदिल त्याला ओळखून होती. माणूस सरळ, पण एकदा डोक्यात काही भरलं की ते निघता निघत नसे. पुढे ती फ्रेंच बोलणाऱ्या नुमेआला आपल्या घरी परतली, आणि इथे गणिताचं सॉफ्टवेअर बांधताना कुणाचं घोडं अडलं की लोक तिच्याकडे येऊ लागले. आज विद्यापीठानेच तिला इथे, सागर अभ्यास केंद्रात, धाडलं होतं.

सगळी भानगड ज्याच्याभोवती होती त्या सॉफ्टवेअरचं नाव काओरी. ते तयार मिळत नाही. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, उतरवून घ्यायचं आणि घरी दळण दळावं तसं आपापल्या यंत्रावर स्वतः बांधायचं. बांधून झालं की ते आपण होऊन शेकडो छोट्या तपासण्या करतं, आणि सगळ्या हिरव्या झाल्या की मगच वापरायला हरकत नाही असं सांगतं. काम सोपं वाटतं, पण त्यापायी भल्याभल्यांना रडकुंडीला आलेलं ओदिलने पाहिलं होतं.

“मुलगी कुठाय?” तिने विचारलं.

२

सिदोनी खिडकीपाशी उभी होती. हातात फोन, आणि नजर सारखी त्या फोनवर.

“कुणाची वाट बघतेस?”

“मामाची, मादाम. लिफूला आज शाळेचा पाया भरतायत. सगळी वस्ती जमलीय. कंदमुळं-मासळीचा बुन्या शिजायला जमिनीत पुरून ठेवलाय, काँक्रीट ओतून झालं की संध्याकाळी जेवणं.” ती हसली, मग तिला हसायचं कसं हे विसरल्यासारखं झालं. “जोत्याची उंची माझ्या आकड्यावरून धरलीय. मीच सांगितली.”

ओदिल तिच्याजवळ गेली. “शाळा? किनाऱ्यावर?”

“हो.”

“मग आजचा दिवस थांबव ना ते!”

“का म्हणून?” पोरगी ताठ झाली. “मी एकही आकडा पाडलेला नाही. आज थांबवलं तर उद्या सगळी वस्ती म्हणेल, डॉक्टर टिंडल बोलले ते खरंच होतं. आमच्याकडे आईच्या भावाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, मादाम. त्या मामाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंय, माझ्या भाचीने मोजलंय. मी त्याला कुठल्या तोंडाने फोन करू?”

ओदिलला ती आवडली, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटली.

“बरं. काओरी इथल्या यंत्रावर कुणी बांधली?”

“मी.”

“स्वतः?”

“प्रबंधात लिहिलंय ना तसं.”

“केव्हा?”

“फेब्रुवारीत.”

“बांधताना कुठे अडलं? काही एरर?”

सिदोनीने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “नाही. सरळ गेलं.”

ओदिलने मान डोलावली. सरळ जाणारं सॉफ्टवेअर तिने आयुष्यात फार थोडं पाहिलं होतं, पण पाहिलंच नव्हतं असंही नाही.

३

तिने व्हरांड्यात वाऱ्याला बस्तान मांडलं आणि आपल्या लॅपटॉपवरून जाळ्यामार्फत, म्हणजे नेटवर्कमधून, आतल्या यंत्रात शिरली. तिच्या लॅपटॉपवर सगळं इंग्रजीत असे. यावरून तिची आई तिला टोमणे मारायची, पण ओदिलचं म्हणणं साधं होतं: एरर फ्रेंचमध्ये आली की ती जगात दुसऱ्या कुणालाच आलेली नसते. इंग्रजीत आली की निदान दहा जण तरी आपल्यासारखेच डोकं धरून बसलेले सापडतात.

पहिला संशय जुन्या आवृत्तीचा. दोघांकडे एकच आवृत्ती निघाली. मग तिने मूळ लिखाणाचा ठसा तपासला. त्यात एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा बदलतो. रॉसकडचा आणि इथला ठसा तंतोतंत जुळला, म्हणजे लिखाणाला कुणी हात लावलेला नव्हता.

मग सिदोनीने वापरलेली, आधीच बांधून ठेवलेली काओरी तिने चालवली. उत्तर आलं २,९. म्हणजे मुलीने आकडा हाताने लिहिलेला नव्हता, सॉफ्टवेअरनेच तो दिला होता. ओदिलला जरा हायसं वाटलं.

पण ते वाटणं टिकलं नाही. त्याच यंत्रावर, त्याच लिखाणातून तिने दुसरी काओरी नव्याने बांधली. कुठेही न अडता ती बांधून झाली, सगळ्या तपासण्या हिरव्या, आणि उत्तर आलं ४.१.

रॉस पाठीमागे येऊन उभा होता. “बघ. यंत्र तेच, लिखाण तेच. जो बांधेल त्याला चार पॉइंट एकच मिळणार. तिच्याकडच्या काओरीत मात्र दोन पॉइंट नऊ. म्हणजे बांधून झाल्यावर कुणीतरी तिच्या पोटात हात घातला. आणि बांधली कुणी, हे ती स्वतःच सांगतेय.”

ओदिलने लॅपटॉप मिटला आणि ती आत निघाली.

४

केंद्राच्या प्रमुख आणि सिदोनीच्या मार्गदर्शक मादाम कास्तलाँ यांनी तिला खुर्चीही देऊ केली नाही.

“शाळा किनाऱ्यावर व्हावी असं कुणाकुणाला वाटत होतं?” ओदिलने विचारलं.

“सगळ्यांनाच. आणि हो, लहान आकडा आला तेव्हा मला आनंद झाला. आनंद होणं हा गुन्हा आहे का? मला ते सॉफ्टवेअर बांधताही येत नाही. मी तरुणपणी कागदावर गणितं केली.” त्यांनी फोन उचलला. “आता हे यंत्र जाळ्यापासून तोडायला सांगते. नाहीतर म्हणाल, पुरावा पुसला.”

“मला अजून काम आहे त्यावर.”

“मग त्याच्यासमोर बसून करा. लोक पूर्वी तसंच करायचे.”

राहिला ऑरेलियाँ. सिदोनीच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. केंद्रात कायमची जागा एकच होती, आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार होती. सोमवारी मुलाखत. सिदोनी बदनाम झाली तर मैदान मोकळं.

“माझ्यावरच संशय घेणार ना तुम्ही?” त्याने आधीच हात वर केले. “घ्या. पण मी तिचं वाईट कशाला करू? फेब्रुवारीत तिचे थोरले काका गेले तेव्हा ती आख्खा महिना लिफूला अडकली होती. सुतकातून उठता येत नाही त्यांच्यात. तिच्या कुंडीला पाणीसुद्धा मी घालत होतो. वैरी असं करतो का?”

“कुंडी जगली?”

“मेली,” तो म्हणाला. “पण घातलं होतं पाणी.”

ओदिलला हसू आलं. त्याला मात्र आलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि खोलीत तर गारवा होता.

५

यंत्राची खोली कोंदट होती. ओदिल त्याच्याच कीबोर्डपुढे बसली आणि सकाळचंच काम पहिल्यापासून पुन्हा केलं. पुरावा म्हणून एकदा आणखी, एवढाच हेतू. तेच लिखाण, तीच आज्ञा, ओळीमागून ओळ.

तपासण्या सुरू झाल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. आणि मग पडद्यावर एक लाल ओळ उमटली आणि सगळं थांबलं. फ्रेंचमध्ये लिहिलं होतं: गुणकांची तपासणी नापास.

ती बघतच राहिली. सकाळी हेच यंत्र मुकाट चाललं होतं. मग आताच काय झालं?

तिने परत बांधलं आणि ते परत त्याच जागी थांबलं. तपासणी वगळायची एक आज्ञा असते, ती देऊन तिने पुढे ढकललं. बांधणी पुरी झाली, आणि उत्तर आलं २,९.

म्हणजे पोटात हात कुणीच घातला नव्हता. हे यंत्र स्वतःच कधी एक सांगत होतं, कधी दुसरं. सकाळपासून बदललं होतं तरी काय? जाळं तोडलं होतं, पण बांधायला जाळं लागतच नाही. बाकी फरक एकच. सकाळी ती व्हरांड्यात होती, आता इथे. पण माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय हे यंत्राला काय कळणार?

दार ढकलून रॉस आत आला. हातात बाजारातून आणलेली लिचीची पिशवी. “घे. विमानातून नेऊ देणार नाहीत, इथेच संपवायच्यात. काय गं तुमचा बाजार! त्या बाईने मला साडेबाराशे किलो लिच्या विकल्या. बघ, चिठ्ठीवर छापलंय.”

पिशवीवर वजनाची चिठ्ठी होती: १,२५०.

“सव्वा किलो, गाढवा,” ओदिल म्हणाली. “आमच्याकडे दशांशाला स्वल्पविराम—”

ती थांबली. तिने लाल ओळीकडे पाहिलं, मग व्हरांड्यातून उचलून आणलेल्या आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या लॅपटॉपकडे.

“रॉस, सगळ्यांना बोलाव. धावत जा.”

६

खोलीत पाच माणसं दाटीवाटीने उभी राहिली. सिदोनीच्या हातात फोन तसाच होता.

“काओरी बांधली जाते तेव्हा,” ओदिल म्हणाली, “आतला एक छोटा प्रोग्राम गुणकांची यादी वाचतो. लाट उथळ पाण्यात किती फुगते, खडकावर किती चढते, असले गुणक. यादी लिहिणाऱ्यांनी दशांशाला टिंब दिलंय, रॉससारखं. पण हे यंत्र फ्रेंच आहे. त्याला स्वल्पविराम हवा. यादीत एक पॉइंट सात आलं की ते ‘एक’ वाचतं, टिंबापाशी अडतं आणि उरलेलं सोडून देतं. असा प्रत्येक गुणक छाटला गेला.”

“पण सकाळी याच यंत्रावर—” रॉस म्हणाला.

“सकाळी मी माझ्या लॅपटॉपवरून आत शिरले होते. बाहेरून येणारा आपली भाषा बरोबर घेऊन येतो. माझी इंग्रजी. तेवढ्यापुरतं हे यंत्रही इंग्रजी वळणाने वाचायला लागलं. बघा.” तिने यंत्राची भाषा बदलली आणि फक्त तो छोटा प्रोग्राम आणि त्याची तपासणी चालवली. हिरवं. भाषा परत फ्रेंच केली. लाल.

सिदोनीचे ओठ हलले. “म्हणजे मी आकडे पाडले नाहीत.”

“नाहीस. पण काओरी आंधळी नाही, पोरी. चूक तिला कळली होती, ती थांबलीही होती. इथे बसून जो कुणी बांधेल त्याला ही लाल ओळ दिसल्याशिवाय राहणार नाही. आणि तू मला काय म्हणालीस? सरळ गेलं. मी विश्वास ठेवला, कारण माझंही सरळ गेलं होतं. पण तुझी काओरी लहान आकडा देते, म्हणजे ती फ्रेंचमध्येच बांधलेली, लाल ओळ येऊनच. तुला ती ओळ माहीतच नाही, कारण तू बांधलंच नाहीस. फेब्रुवारीत तू लिफूला सुतकात होतीस.” ओदिल वळली. “त्या महिन्यात हिच्या कुंडीला पाणी घालणारा कोण होता?”

ऑरेलियाँ भिंतीला टेकला.

“एकच होती हो लाल,” तो म्हणाला. “शेकडो हिरव्या आणि एक लाल. दोन दिवस डोकं फोडलं, मग वगळली. सगळेच वगळतात! ती रडून रडून परत येणार, निदान काम तरी तयार मिळू दे, एवढंच होतं मनात. परवा डॉक्टर टिंडलांचा आकडा ऐकला आणि मला ती लाल ओळ आठवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. मुलाखत डोळ्यांपुढे आली आणि जीभ उचलली नाही.”

“आणि तू?” ओदिलने सिदोनीला विचारलं. “खोटं का बोललीस?”

“‘स्वतः बांधलं’ असं लिहून बसले होते. आणि याचं नाव घेतलं असतं तर तुम्ही यालाच धरलं असतं. माझ्यासाठी रात्रंदिवस बसला होता तो, मादाम. लाल ओळीचं मला ठाऊक नव्हतं.” ती ऑरेलियाँकडे बघायला तयार नव्हती. “शपथेवर नव्हतं.”

रॉसने विद्यापीठासाठी लिहून ठेवलेला कागद खिशातून काढला, दोनदा फाडला आणि लिचीच्या पिशवीत टाकला. “बनावट शब्द मी मागे घेतो. माझं चुकलं,” तो म्हणाला. मग घसा साफ करून हळूच पुढे म्हणाला, “पण आकडा चार पॉइंट एकच आहे.”

आपली अब्रू वाचली या आनंदात सिदोनीच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं. आता शिरलं. तिचा चेहरा बघवेना.

“घाई नको,” मादाम कास्तलाँ चटकन म्हणाल्या. “सोमवारी नीट पत्र काढू. ‘सुधारित अंदाज’ वगैरे. केंद्राचं नाव, तुझी पदवी, सगळं सांभाळून. एका दिवसाने काय होतंय?”

“एका दिवसाने पाया होतोय,” सिदोनी म्हणाली.

तिने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून काँक्रीटच्या यंत्राचा खडखडाट, पोरांचा गलका, आणि त्यावरून ओरडणारा एक जाड आवाज.

“काय गं? डॉक्टर झालीस का?”

“मामा, ओतणं थांबव.”

“काय?”

“थांबव म्हणते! माझा आकडा चुकलाय. लाट त्याहून वर येते. पोरं बुडतील, मामा.”

पलीकडे कुणीतरी हसलं, कुणीतरी काही विचारलं. मामा लिफूच्या भाषेत एकच शब्द ओरडला. खडखडाट बंद झाला. तो किती मोठा होता हे तो थांबल्यावरच कळलं.

“सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतलं होतं,” मामा म्हणाला.

“हो.”

“सगळे इथेच उभे आहेत. ऐकतायत.”

“ऐकू देत. मी रविवारी येते. रिवाजाप्रमाणे कापड घेऊन येते आणि सगळ्यांसमोर माफी मागते.”

“मीपण,” ऑरेलियाँ मागून म्हणाला. “कापड मी आणतो.”

मग मामा म्हणाला, “तुझ्या शब्दावर खड्डा खणला, तुझ्या शब्दावर बुजवू. आता खरा आकडा सांग. किती वर न्यायची शाळा?”

सिदोनीने रॉसने बरोबर आणलेल्या ४.१ च्या कागदाकडे पाहिलं. त्याने तो तिच्यापुढे सरकवला. तिने तो उचलला, वाचला, आणि उलटा करून ठेवला.

“अजून सांगत नाही, मामा. हा दुसऱ्याने काढलेला आहे. आधी मी स्वतः बांधते, सगळ्या तपासण्या होऊ देते, मग सांगते. तासभर लागेल. थांबशील?”

“बुन्या अजून जमिनीत आहे,” मामा म्हणाला. “तो शिजेपर्यंत आम्ही कुठे जातोय?”

ओदिल खुर्चीतून उठली. सिदोनी बसली, तिने यंत्राची भाषा इंग्रजी केली, आणि पहिली ओळ लिहिण्याआधी मान वळवून म्हणाली, “तांतीन, तुम्ही मागे उभ्या राहाल? पण काही सांगू नका.”

सकाळपासूनच्या ‘मादाम’ची तिने मावशी करून टाकली होती. ओदिल भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आणि टेबलावरच्या फोनमधून लिफूची माणसं आपापसात बोलत असलेली ऐकू येत राहिली. मामाने फोन ठेवला नव्हता.